खडकाळ उतारावरचे चाक

ऑस्ट्रियातील लेओगांग येथे जून २०१४ मध्ये डाउनहिल माउंटन बाइकिंगच्या विश्वचषक मालिकेची एक फेरी झाली. अमेरिकेचा ॲरन ग्विन हा त्या काळातील आघाडीचा स्पर्धक. पण त्याच्या अंतिम धावेत मागच्या टायरमधील हवा वाटेतच गेली. अशा वेळी बहुतेक स्पर्धक वेग कमी करतात किंवा बाजूला होतात. ग्विन थांबला नाही. टायरच्या चिंध्या झाल्या, आणि उरलेला उतार त्याने उड्या, मुळे आणि दगडांसकट उघड्या रिमवर पार केला. अंतिम रेषेपाशी पोहोचलेली ती रिम ओळखू येऊ नये इतकी झिजली आणि चेपली होती. तरीही चाक कोसळले नाही. हबपासून रिमपर्यंत ताणलेल्या पातळ पोलादी तारांनी स्वाराला खाली आणून सोडले होते.

त्या धावेची आठवण आजही क्रीडाशौकीन काढतात ती ग्विनच्या धाडसासाठी. चाके बांधणाऱ्या कारागिरांचे लक्ष मात्र साहजिकच दुसरीकडे जाते. डाउनहिलसाठी सायकल घेणारा बहुधा फ्रेम आणि सस्पेन्शनवर पैसे खर्च करतो आणि चाके कारखान्यातून येतील तशी स्वीकारतो. पहिल्या हंगामात सर्वात आधी निकामी होतात ती हीच चाके. मग प्रश्न पडतो, की आपल्या वजनाला, आपल्या उताराला आणि आपल्या खिशाला साजेसे चाक स्वतंत्रपणे बांधून घ्यायचे तर रिम कोणती, स्पोक किती आणि हब कसला?

या खेळाचे मूळच चाकाशी निगडित आहे. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या, तीव्र उताराच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन वेळेची शर्यत लावली. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच असे आणि पायडल उलटे दाबल्यावर लागे. एका उतारातच हबमधील ग्रीस जळून धूर निघत असे आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिल हा तिचा एक प्रकार होता. आता हब जळत नाहीत, कारण चकतीचे ब्रेक आले. पण वेग कितीतरी वाढला आणि चाकावरचा मारही त्याच प्रमाणात वाढला.

ताणावर उभे असलेले चाक

रिम निवडण्याआधी चाक भार कसे पेलते हे समजून घेणे आवश्यक आहे. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यावर अक्षरशः उभा असतो. आरा दाबला जातो, आणि तो दाब सोसण्याइतका जाड असतो. सायकलचा स्पोक अवघा दोन मिलिमीटर जाडीचा. त्याला वरून दाबले तर तो काडीसारखा वाकेल. म्हणून तो चाक बांधतानाच ताणून ठेवलेला असतो. चांगल्या चाकात प्रत्येक स्पोकवर साधारण १०० ते १२० किलो वजन टांगल्याइतका ताण असतो, आणि ३२ स्पोकांचा ताण एकत्र केला तर तो तीन टनांच्या आसपास जातो. रिम इतक्या जोराने चहूबाजूंनी आत ओढली जात असते.

स्वार बसला की जमिनीकडच्या तीन-चार स्पोकांचा ताण उतरतो आणि बाकीच्यांचा जवळजवळ तसाच राहतो. ताण उतरणे म्हणजेच येथे भार पेलणे. जोबस्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणित मांडले, तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. ‘हब वरच्या स्पोकांना लटकतो’ ही समजूत फार जुनी आहे. व्यवहारात महत्त्वाचे ते असे की, जोवर खालच्या स्पोकांत ताण शिल्लक आहे तोवर चाक भक्कम आहे. खडकावर आदळताना तो ताण शून्यावर आला की स्पोक सैल पडतात, निपल आपोआप फिरू लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी बाजूने जोर आला तर चाक भाजलेल्या पापडासारखे वळते. डाउनहिलमध्ये असा क्षण एका धावेत अनेकदा येतो. म्हणून पुरेसा आणि सर्वत्र सारखा ताण ही चाकाची पहिली गरज, आणि तो ताण झेलू शकणारी रिम ही दुसरी.

रिमची रुंदी आणि धातू

रिमच्या जाहिरातीत सर्वात ठळक आकडा वजनाचा असतो. डाउनहिलसाठी तो सर्वात कमी महत्त्वाचा मानायला हवा. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरले आणि दोन्ही रिम मिळून २०० ग्रॅम वाचवले, तर परिघावरचे वजन सरळ पुढे जाते आणि फिरतेही, म्हणून वेग घेताना त्याचा हिशेब दुपटीने, म्हणजे ४०० ग्रॅम धरावा लागतो. तरीही हा फरक ०.४ टक्के भरतो. आणि येथे वेग देणारी मुख्य शक्ती पायांची नसून गुरुत्वाकर्षणाची आहे. वजन अगदीच निरर्थक आहे असे नाही. जड चाक वळणावर दिशा बदलायला आळशी वाटते, आणि सस्पेन्शनच्या खालचे वजन वाढले की चाक दगडांमागून दगडांवर तितक्या चपळाईने खालीवर होत नाही. पण ५० ग्रॅम वाचवण्यासाठी भिंती पातळ केलेली रिम घेणे हा या खेळात तोट्याचा सौदा आहे. २९ इंची चाकासाठी ॲल्युमिनियमची भरवशाची डाउनहिल रिम साधारण ५५० ते ६५० ग्रॅमची असते. मागच्या चाकासाठी या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे झुकलेले बरे.

रुंदीचा आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा, आणि तो बाहेरच्या नव्हे तर आतल्या रुंदीचा असावा. टायरच्या दोन कडा रिमच्या आत जेथे टेकतात तेथील हे अंतर असते. डाउनहिलमध्ये आज २.४ ते २.५ इंची टायर प्रचलित आहेत आणि त्यांना ३० मिलिमीटरच्या आसपासची आतली रुंदी मानवते. यापेक्षा बरीच अरुंद रिम घेतली तर कमी हवेवर वळताना टायर बाजूला कलंडतो आणि ट्यूबलेस असल्यास कडेतून फुस्सकन हवा निसटते. फार रुंद घेतली तर टायरचा वरचा गोलावा सपाट होतो, कडेच्या गाठी वळणावर उशिरा लागतात आणि टायरच्या पातळ बाजू दगडांसमोर उघड्या पडतात. रुंद म्हणजे चांगले हे समीकरण काही वर्षे फार चालले. त्याची नशा आता बरीच उतरली आहे.

धातूच्या बाबतीत एक विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे. कठीण मिश्रधातूची रिम सहजी चेपत नाही, पण मर्यादा ओलांडली की तडकते. थोड्या मऊ मिश्रधातूची रिम लवकर चेपते, पण पक्कडीने कड सरळ करून तीच रिम आणखी कित्येक आठवडे वापरता येते. शर्यतीच्या पथकांना नवी रिम दर आठवड्याला परवडते; सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाणाऱ्याला चेपणारी पण न फुटणारी रिम अधिक उपयोगी. रिमचा सांधा खिळ्यांनी जोडलेला आहे की वेल्ड केलेला, याची चर्चा फार होते. पूर्वी रिमवरच ब्रेकचे रबर घासत असत, तेव्हा सांध्याच्या गुळगुळीतपणाला महत्त्व होते. चकतीच्या ब्रेकमुळे ते बरेच कमी झाले. वेल्ड केलेला सांधा असलेला चांगला. पण केवळ त्यासाठी दुप्पट किंमत मोजू नये.

आता कार्बन. कार्बन तंतूंची रिम तेवढ्याच वजनात अधिक ताठ असते, चेपत नाही आणि चांगली बांधली तर वर्षभर सरळ राहते. तिचा दोष असा की ती इशारा देत नाही. ॲल्युमिनियमची रिम प्रत्येक चुकीची नोंद खळग्याच्या रूपाने ठेवते. कार्बनची रिम शेवटच्या आघातापर्यंत निरोगी दिसते आणि मग तडा जातो. शिवाय फार ताठ चाक खडकाळ उतारावर वरदान ठरतेच असे नाही. प्रत्येक दगडाचा धक्का हातात येतो आणि तिरप्या पृष्ठभागावर चाक पकड घेण्याऐवजी उडते. उत्पादकांनाही हे उमगले आहे. झिप या कंपनीने २०१९ मध्ये एकेरी भिंतीची, मुद्दाम लवणारी कार्बन रिम बाजारात आणली, ती याच कारणासाठी. काही उत्पादकांनी रिमच्या कडा जाड आणि बोथट केल्या, जेणेकरून दगड आणि रिम यांच्या कात्रीत सापडलेला टायर कापला जाऊ नये. कार्बन घ्यायचेच असेल तर आघाताने तुटलेली रिम बदलून देण्याची लेखी हमी आहे का, आणि ती भारतात प्रत्यक्षात कशी मिळते, याची चौकशी आधी करावी. एरवी पुढे कार्बन आणि मागे ॲल्युमिनियम हा मध्यममार्ग शहाणपणाचा आहे, कारण मागचे चाक जवळजवळ नेहमीच अधिक मार खाते. आणि दोन्हीकडे ॲल्युमिनियम ठेवणाऱ्याने आपण काही गमावले असे वाटून घेण्याचे कारण नाही.

चाकाच्या आकाराचा प्रश्न एकेकाळी सोपा होता. डाउनहिल म्हणजे २६ इंच, म्हणजे टायर टेकतो तेथे ५५९ मिलिमीटर व्यासाची रिम. नंतर साडेसत्तावीस इंची, म्हणजे ५८४ मिलिमीटरची रिम आली. जून २०१७ मध्ये स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमच्या विश्वचषक फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने २९ इंची, म्हणजे ६२२ मिलिमीटरच्या चाकांवर विजय मिळवला, आणि २९ इंची चाक डाउनहिलसाठी फार बोजड असते ही समजूत मागे पडली. पुढे मोठे आणि मागे लहान चाक लावण्यास आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी २०१९ पासून मुभा दिली. मोठे चाक दगड सहज ओलांडते, पण त्याचे स्पोक लांब असतात आणि बाजूचा ताठपणा घटतो. म्हणून २६ इंची चाकात निभावून गेलेली काटकसर २९ इंची चाकात निभावेलच असे नाही.

तारांचा हिशेब

आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. पाठीमागे धान्याचे पोते किंवा दुधाच्या बरण्या जाणार, हे त्या रचनेने गृहीत धरले होते. डाउनहिलच्या चाकात ३२ ही संख्या सर्वमान्य आहे. २८ स्पोकांची चाके शर्यतीत दिसतात. हलक्या अंगाच्या स्वाराला ती पुढे चालतीलही. पण वजन ८५-९० किलोंच्या पुढे असेल तर ३२ वरून खाली उतरण्यात फायदा नाही. चार स्पोक आणि त्यांचे निपल मिळून वाचतात २५ ते ३० ग्रॅम.

जाड स्पोक अधिक टिकतो, हा समज मात्र चुकीचा आहे. दोन टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचा स्पोक सरसकट दोन मिलिमीटर जाडीच्या स्पोकापेक्षा सहसा जास्त काळ टिकतो. मधला पातळ भाग किंचित अधिक ताणला जातो; म्हणून आघाताच्या वेळी रिम आत दबली तरी त्यात थोडा ताण शिल्लक राहतो, आणि बहुतेक स्पोक जेथे तुटतात त्या हबजवळच्या वाकणावरचा शीण कमी होतो. त्याहून पातळ, मध्ये १.५ मिलिमीटरचे स्पोक डाउनहिलच्या मागच्या चाकात घालू नयेत. वाकणाचे स्पोक घ्यावेत की सरळ, या वादात व्यवहार वाकणाच्या बाजूने आहे. ते कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात. सरळ स्पोक त्या त्या हबच्या मापाने शोधावे लागतात.

स्पोक एकमेकांवरून किती वेळा ओलांडावेत, याचे उत्तर ब्रेकमध्ये आहे. चकतीचा ब्रेक हबला धरतो, पण थांबवायचा असतो तो टायर. हा सारा पीळ हबमधून रिमपर्यंत स्पोकच नेतात. हबमधून सरळ बाहेर निघणारे स्पोक हे काम करूच शकत नाहीत. हबला स्पर्शरेषेत निघणारेच करू शकतात. म्हणून ३२ स्पोकांच्या चाकात प्रत्येक स्पोक तीन स्पोक ओलांडेल अशी वीण घालतात, पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंना.

निपल पितळेचे घ्यावेत. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल ३२ मिळून जेमतेम २० ग्रॅम वाचवतात आणि पावसाळ्यानंतर स्पोकशी गंजून जखडले की चाक दुरुस्त करणाऱ्याच्या संयमाची परीक्षा पाहतात.

हब आणि मागचा झटका

हब निवडताना आधी फ्रेम आणि पुढचा फोर्क पाहावा लागतो. पुढे २० मिलिमीटर जाडीचा आणि ११० मिलिमीटर रुंदीचा आस प्रचलित आहे. पण याच मापाची ‘बूस्ट’ नावाची नवी आवृत्ती आहे आणि तिच्यात ब्रेकची चकती काही मिलिमीटर बाहेर असते. माप तेच वाचून जुना हब नव्या फोर्कसाठी घेतला की चकती ब्रेकमध्ये बसत नाही. मागे १५०, १५७ आणि १४८ मिलिमीटर अशी तीन मापे आढळतात. १५७ मध्येही एक पाठभेद आहे. स्पोक धरणाऱ्या कडा जवळजवळ असलेला जुना प्रकार आणि त्या कडा दूर नेलेला ‘सुपर बूस्ट’. दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसतात, पण स्पोकांची लांबी वेगळी लागते. कडा जितक्या दूर तितके चाक बाजूने ताठ, म्हणून निवड खुली असेल तर दुसरा प्रकार घ्यावा.

हबच्या आतली फ्रीव्हीलची यंत्रणा किती दातांवर पकड घेते, हाही अभिमानाचा विषय झाला आहे. ३६ दातांच्या यंत्रणेत पायडल मारल्यावर चाकाला जोर मिळेपर्यंत जास्तीत जास्त १० अंश वाया जातात, ५४ दातांत सुमारे साडेसहा, ९० दातांत ४. चढावर, दगडांतून वाट काढताना जलद पकड उपयोगी पडते. उतारावर चित्र उलटे आहे. मागचे सस्पेन्शन दबते तेव्हा अनेक फ्रेममध्ये चाक पायडलच्या आसापासून दूर जाते, साखळी ताणली जाते आणि पायडल मागे खेचली जातात. ब्रेकने चाक जखडलेले असेल तर हा झटका सर्वात तीव्र असतो. फ्रीव्हीलमध्ये थोडे मोकळे अंश असतील तर काही वेळा ते हा झटका गिळतात. म्हणून डाउनहिलचे अनेक स्वार मुद्दाम कमी दातांची यंत्रणा घालतात. गंमत अशी की, याच लेओगांगच्या उतारावर २०१५ मध्ये ॲरन ग्विनची साखळी सुरुवातीलाच तुटली, आणि साखळीविना खाली येऊन त्याने ती फेरी जिंकली. साखळी नसल्यामुळे सस्पेन्शन अधिक मोकळे चालले, असा निष्कर्ष तेव्हा पुष्कळांनी काढला. एका धावेवरून इतके ठरवणे धाडसाचे आहे; पण अलीकडे मोकळे अंश मुद्दाम वाढवणारे हब आणि साखळीचक्रे निघाली आहेत, हेही खरे.

टायरविषयी थोडक्यात इतकेच, की उत्तम रिमला हलक्या आवरणाचा टायर घालणे म्हणजे वाड्याला कुडाचे दार लावणे होय. दुहेरी आवरणाचा, सव्वा किलोच्या आसपासचा टायर, ट्यूबऐवजी छिद्रे बुजवणारे द्रव आणि मागे आत बसवायची फोमची पट्टी, एवढी व्यवस्था रिमचे आयुष्य कोणत्याही मिश्रधातूपेक्षा अधिक वाढवते. हवा पुढे २२ ते २६ आणि मागे २५ ते ३० पीएसआय या पट्ट्यात, स्वाराच्या वजनानुसार ठेवतात.

बांधणी

हे सारे सुटे भाग उत्तम असूनही चाक वाईट बांधता येते. पहिली चूक स्पोकच्या लांबीत होते. लांबी काढण्यासाठी रिमचा परिणामी व्यास, म्हणजे समोरासमोरच्या दोन स्पोकांची टोके निपलमध्ये जेथे संपावीत तेथील अंतर, लागतो. उत्पादकाने छापलेल्या आकड्यावर विसंबण्याऐवजी दोन स्पोक आणि दोन निपल घेऊन तो प्रत्यक्ष मोजावा. व्यासात तीन मिलिमीटरची चूक झाली तर स्पोक दीड मिलिमीटर लांब किंवा आखूड येतो. आखूड स्पोकचे निपल डोक्यापाशी तुटते. लांब स्पोकचे आटे संपतात आणि ताणच देता येत नाही. मागच्या चाकात दोन बाजूंची लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटरने वेगळी असते. दोन्ही जुडग्यांवर आधीच खूण करून ठेवलेली बरी.

नाक्यावरचा सायकलवाला चाकाचा ‘आऊट’ काढतो तेव्हा तो चाक डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत स्पोक आवळतो किंवा सैल करतो. रस्त्यावरच्या सायकलीला ते पुरते. डाउनहिलच्या चाकात सरळपणाइतकाच ताणाचा सारखेपणा महत्त्वाचा आहे. एका बाजूचे सगळे स्पोक जवळजवळ सारखे ताणलेले आणि चाक अर्धा मिलिमीटर वाकडे, हे चाक काट्याला काटा सरळ पण ताण वेडावाकडा असलेल्या चाकापेक्षा जास्त टिकते. यासाठी ताणमापक लागतो. जाणते कारागीर स्पोक छेडून तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वरही ऐकतात, आणि शेजारचे स्पोक एका स्वरात आहेत का ते पाहतात. ताणाची वरची मर्यादा रिमचा उत्पादक देतो आणि ती बहुधा १२० किलोंच्या आसपास असते. ती ओलांडली तर स्पोकच्या भोकाभोवती केसासारख्या भेगा दिसू लागतात. शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने जोरात दाबायच्या, म्हणजे वाकणे हबमध्ये नीट बसतात, आणि पुन्हा ताण तपासायचा. हे दाबणे वगळलेले चाक पहिल्याच उतारावर कुरकुरते आणि सैल पडते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ते कारागिराकडे परत न्यावेच लागते; त्याचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत.

डाउनहिलमध्ये रिम ही झिजण्याची आणि बदलण्याची वस्तू आहे, हब आणि बरेचसे स्पोक टिकण्याचे. म्हणून पुढील दोन-तीन वर्षे सहज मिळेल अशीच रिम निवडणे, आणि तिचा मोजलेला व्यास व स्पोकांची लांबी टिपून ठेवणे फायद्याचे. रिम चेपून निरुपयोगी झाली की त्याच व्यासाची नवी रिम जुन्या रिमच्या शेजारी, भोकासमोर भोक येईल अशी चिकटपट्टीने बांधतात. मग सर्व निपल सैल करून एकेक स्पोक जुन्या रिममधून काढून नव्या रिममध्ये सरकवतात. वीण मोडावी लागत नाही, स्पोक वाया जात नाहीत, आणि सरावलेला कारागीर ताण देण्यासकट हे काम साधारण दोन तासांत संपवतो.